तळघराचं वय

उणे तेवीस. अलामोसाच्या रस्त्यावर
बटाट्याचे ट्रक उभ्या उभ्या धापा टाकतायत.
वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी
लोकांनी टाकून दिलेले लॅपटॉप उघडतो,
धूळ फुंकतो, मांजराचे केस चिमट्यानं ओढून काढतो
आणि आत घालतो एक फुकटची, मोकळी प्रणाली,
जी विचारायची एवढंच:
भाषा कुठली, आणि घड्याळ कुठल्या गावचं.

आता कायदा आलाय.
मुलांच्या भल्यासाठी, असं पहिल्याच ओळीत आहे,
आणि ते मला खोटं वाटत नाही.
माझ्या नातवाची झोप एका फोननं खाल्ली,
मी शेजारच्या खोलीत जागाच होतो.
पण पुढची एकवीस पानं वाचली.
खातं उघडायच्या आधी यंत्रानं विचारायचं, जन्म कधीचा,
आणि उत्तराची घडी घालून
मागेल त्या ॲपच्या हातावर ठेवायची.
मागेल त्या.

सकाळी एलिसेओ लुसेरोचा फोन.
त्याच्या बटाट्याच्या तळघरात एक खोकं आहे, मोठ्या कंपनीचं,
रात्रभर तापमान मोजतं, दुसरं काही करत नाही.
नवी आवृत्ती आपसूक चढली आणि ते अडून बसलंय.
"ऑरिन, हे जन्मतारीख मागतंय. कुणाची घालू?
मी तर इथं नसतोच. बटाटे असतात."
तळघर कधीचं, मी विचारलं.
"आजोबांनी खणलं. एकतीस साली."
मग तीच घाल.

तळघर सज्ञान निघालं.
त्याला सगळं पाहायची मुभा मिळाली:
अंधार, कोंब, चार अंशांवर टेकलेला आकडा.
आम्ही दोघं खूप हसलो.
फोन ठेवल्यावर मला ते हसू
घशातल्या काट्यासारखं जाणवत राहिलं.

माझी जुनी प्रणाली सांभाळायची टॉर्बयोर्ग.
नॉर्वेत, दिवसा गुरांची डॉक्टर;
रात्री हात धुऊन
जगभरच्या अनोळखी लोकांच्या चुका निस्तरायची.
पगार नाही, वकील नाही.
परवा तिनं लिहिलं:
"जिथं वय विचारणं सक्तीचं आहे तिथं ही वापरू नका.
माफ करा. दंड भरायचा तर मला गोठे विकावे लागतील,
आणि गोठे माझे नाहीत."

म्हणून आज दुसरी घेतलीय.
तीही मोकळीच. फक्त प्रश्न जोडलेली.

चारला देसिदेरिया आली, वय वर्षं अकरा,
अंगात आईचा कारखान्यातला कोट, बाह्या तीनदा दुमडलेल्या.
मार्चमध्ये खोऱ्यात क्रौंच उतरतात,
ते मोजणारा प्रोग्रॅम तिला लिहायचाय.
पडद्यावर चौकट. दिवस, महिना, साल.

"खरं सांगितलं तर?"
तर काही दारं उघडणार नाहीत. कुठली, ते मलाही ठाऊक नाही.
"आणि खोटं सांगितलं तर?"
मी स्क्रू शोधत बसलो.
स्क्रू माझ्या मुठीतच होता.

मग म्हटलं, ये, तुला हा प्रश्न आतून दाखवतो.
फाइल उघडली. एकोणतीस ओळी.
ती बोट ठेवून वाचत गेली, ओठ हलवत,
माझी आई पाद्र्याचं पत्र वाचायची तशी.
कुणी लिहिलं हे?
तळाशी नाव होतं, कुणा स्वयंसेवकाचं.
त्याला हे विचारायचं होतं?
मला नाही वाटत.

बाविसाव्या ओळीवर ती थांबली.
"इथं 'जन्म'चं स्पेलिंग चुकलंय."
खरंच चुकलं होतं. इतक्या मोठ्या माणसांच्या नजरेखालून
ती चूक तशीच निसटून आली होती.
"मी दुरुस्त करू? चालतं?"

चालतं, मी म्हटलं. अजून चालतं.

बाहेर एका ट्रकनं दोनदा खोकून इंजिन धरलं.
तिनं एक अक्षर पुसलं, एक घातलं,
आणि चौकट पुन्हा उघडून पाहिली.
प्रश्न तसाच होता,
आता शुद्ध लिहिलेला.