चारशे बासष्ट वाटण्या

आत-बाशीच्या खोऱ्यात बारा कोकरं होती.
सहांना चाटायला खनिजांचं मीठ, सहांना साधं.
जूनमध्ये एक लांडग्यानं नेलं,
खनिजवाल्यांतलं.
वहीत त्याच्या वजनापुढं मी काही लिहिलं नाही,
जागा मोकळी सोडली.

सप्टेंबरात सुबानबेकनं पोटाखाली हात घालून
एकेकाला काट्यावर ठेवलं,
मी आकडा ओरडले,
चिनारानं हातमोज्यातून बोटं काढून तो टिपला.
एवढाच आमचा प्रयोग.

पहिलं सॉफ्टवेअर म्हणालं, ०.०४५.
म्हणजे पाच टक्क्यांच्या आत.
बिश्केकहून दूइशोनचा फोन, आवाजात सण.
दुसरं, त्याच अकरा आकड्यांवर, ०.०५२.
तिसरं जुनाट, संस्थेनं कधीकाळी घेतलेलं,
ते म्हणालं, फरकच नाही.
त्यानं मोकळ्या जागेत शून्य भरलं होतं.
शून्य किलोचं कोकरू,
ना लोकर, ना खूर,
रांगेच्या शेवटी निमूट येऊन उभं.

शितावरून भाताची परीक्षा. खरं आहे,
कारण भाताखाली आच एक, पाणी एक, वर झाकण एक.
माझी कोकरं एका पातेल्यात शिजत नाहीत.
एकाची आई आटलेली,
एक सावलीच्या उतारावरच चरणारं,
एक असंच, हावरट.

रात्री शेगडीजवळ
चिनाराच्या मुलाच्या तोगुझ कोर्गोलमधल्या अकरा गोट्या घेतल्या
(कोर्गोल म्हणजे मेंढीच्या लेंड्या,
तेव्हा साहित्य विषयाला धरूनच होतं).
अकरांतून पाच निवडायच्या:
चारशे बासष्ट वाटण्या.
मीठ नुसतं मीठच असतं,
तर नशिबानं यांतली कोणतीही हाती आली असती.
आमच्याइतकी किंवा आमच्याहून टोकाची
या बाजूला बारा, त्या बाजूला बारा.
चहा दोनदा गार झाला. चोवीस.
चोवीस भागिले चारशे बासष्ट.

म्हणजे दुसरं मोजत होतं.
पहिलं अंदाज बांधत होतं,
मोठमोठ्या कळपांवर शिकलेला अंदाज,
जो हजार मेंढ्यांत खपून जातो
आणि अकरांत उघडा पडतो.
खोटं कुणीच बोललं नव्हतं.
कुठल्या वाटेनं आलास, हे मीच विचारलं नव्हतं.

दूइशोन म्हणाला, पहिलंच घाल ना, सातच तर हजारांशांचा प्रश्न.
सुबानबेकला सगळं सांगितलं.
त्यानं गोट्या हातात घेऊन पाहिल्या, परत दिल्या.
"पुढच्या वर्षी चाळीस देतो," म्हणाला,
"आणि कुत्रा एक जास्त."

अहवालात मी लिहिलं: कोकरं अकरा, मिठाचं अजून सांगता येत नाही.
मग फाईल उघडून
त्या मोकळ्या रकान्यात टंकलं: लांडगा.
तेव्हापासून तिसरं सॉफ्टवेअर
त्या ओळीशी येऊन थांबतं,
पुढं जात नाही.