सीटखालची रेघ

सायकल घेतली तेव्हा सीट हलत नव्हती.
वर नाही, खाली नाही, जराशी तिरकीसुद्धा नाही.
"अडकलीय," ऑल्डरॉइड म्हणाला, "चाळीसएक वर्षं."
तीस पौंड सांगून मग तो गप्प बसला,
जणू अडकण्याचेच पैसे मागत होता.

टॉडमॉर्डनमध्ये सपाट रस्ता एकच, कालव्याकाठचा,
बाकी नुसते चढ.
दोन महिने मी कामावर गेलो
दुसऱ्या कुणाच्या पायांच्या लांबीवर बसून,
गुडघे हनुवटीला लागायचे तेवढे बाकी.

ती विनिफ्रेडची. त्याची थोरली बहीण, सुईण.
वरच्या वाड्यावस्त्यांवर, मेंढ्यांच्या शेतांवर
रात्री दोनला, तीनला, धुक्यातून,
मागच्या कॅरियरला कातडी पिशवी.
लग्न केलं नाही. चहात साखर घेत नसे.
एवढंच त्यानं सांगितलं, आणि तेही
चाकाचा आउट काढता काढता, चाकाकडे बघत.

हबवर ठोकलेले आकडे: ५८, आणि त्याखाली ७.
त्या जुलैत माझा बाप इचलकरंजीत
पाटी घेऊन पहिल्यांदा शाळेत बसला असेल.
पुढे तो मागांचा जॉबर झाला,
कानानं मशीनचा ताप ओळखायचा.
साखळ्या किती बदलल्या, टायर किती, कोण मोजतो;
हब मात्र तोच, आत तेच दात,
महिन्याला दोन थेंब तेल मागणारा,
मिळालं नाही तर कुरकुरत का होईना, चालणारा.

नळ्या पोलादी, सांध्यांत पितळ ओतलेलं,
सांध्याची कड कानशीनं इतकी उतरवलेली
की अंधारात बोट फिरवलं तर
कुठे एक संपून दुसरी सुरू झाली, कळत नाही.
कोणी केलं, नाव नाही. फक्त नंबर,
तोही उलटी केल्यावर दिसणारा.

"कॉटर पिन झिजलीय," ऑल्डरॉइड म्हणाला
आणि मी हसलोच.
हा शब्द मराठी आहे असं मला
दहावीपर्यंत वाटत होतं.

सीटसाठी सगळं करून पाहिलं.
केटलीचं उकळतं पाणी, बर्फ, शिव्या.
रोज रात्री सायकल उलटी टांगून
खालून नळीत तेल सोडलं.
बाप म्हणायचा, गंजाशी भांडू नये,
त्याला वेळ द्यावा, तो स्वतःच कंटाळतो.

नोव्हेंबरच्या एका रविवारी
सीटची दांडी व्हाइसमध्ये आवळली
आणि अख्खी सायकलच पान्यासारखी धरून
आम्ही दोघांनी फिरवली.
तो पंच्याऐंशीचा, खुब्यात टायटॅनियम,
"हा माझा नवा पार्ट" म्हणत जोर लावणारा.
एक किंचाळी निघाली,
शेजारचं कुत्रं उठून बसलं,
आणि दांडी बाहेर.

तिच्याभोवती गुंडाळलेला पत्र्याचा तुकडा.
दांडी मुळातच बारीक होती, सैल,
म्हणून कुणीतरी तंबाखूची डबी कापून
नीट मापात, कडा घासून, पाचर बसवली होती.
सोनेरी रंग अजून तसाच, तीन अक्षरं शिल्लक.

ऑल्डरॉइडनं तो तुकडा खिडकीपाशी नेला.
बराच वेळ धरून उभा राहिला.
"आमच्या घरात," म्हणाला, "तंबाखू कुणीच ओढत नव्हतं."
मी काही बोललो नाही.
"विनी तर खिडक्या उघडायची, कुणी ओढलेला आला की."
मग, जरा थांबून: "कुणी आला की."
आणि चहा ठेवायला आत गेला.
आत बराच वेळ पाणी उकळत राहिलं.

पत्रा मी पुसला आणि होता तिथेच परत बसवला.
दांडीला ग्रीस लावलं, भरपूर.
सीट तीन बोटं वर घेतली.

आता नळीच्या तोंडापासून तीन बोटांवर
दांडीवर एक काळपट रेघ दिसते,
तिच्या पायांची.
माझी खाली पडायला लागली असेल.
चढावर, उभं राहून पायडल मारताना
मान खाली असते तेव्हा ती बरोबर डोळ्यांसमोर येत नाही,
पण ठाऊक असते.