दम धरा

पहाटे पाचला सजाकडून बस येते
आणि सहाच्या आत माझ्या दाराबाहेर
पंचेचाळीस छात्या शर्टाची बटणं काढून बसतात.
तावीत, जानवं, क्रॉस, कुणाची लॉकरची किल्ली,
सगळं एकाच प्लास्टिकच्या ट्रेमध्ये.

हनुवटी वर. हात कमरेवर. खांदे पुढे ढकला,
म्हणजे पाठीचे फरे बाजूला सरकतात.
पाटी गार असते. ऑगस्टमध्ये
माणसं तिला जरा जास्तच वेळ चिकटून राहतात.

मग मी सांगते: खुद नफस. सांस लो.
मल्याळममध्ये, बंगालीत, मोडक्या पश्तूत.
श्वास घ्या हे मला सहा भाषांत येतं,
जेवलात का हे दोनच भाषांत.

काचेआडून दिसतं :
फासळ्या बादलीच्या कडीसारख्या वर उचलल्या जातात,
खालचा घुमट सपाट होत पोटात उतरतो,
उजवीकडे थोडा अडतो, तिथे यकृत ऐसपैस बसलेलं.
उजव्या फुफ्फुसाला तीन खण, डाव्याला दोनच;
हृदयाला जागा द्यायची म्हणून डाव्यानं कायमचं अंग चोरलेलं,
दहा बाय दहाच्या खोलीत
आठव्या खाटेसाठी बाकीचे सात सरकतात, तसं.

पडद्यावर दहा फासळ्या मोजता आल्या
तर श्वास पुरा.
गावाकडे फासळ्या मोजता येणं म्हणजे आबाळ.
इथं म्हणजे पास.

आज चौतीस नंबर.
गहिनीनाथ बापूराव सानप. जिप्समचं काम. अकरा वर्षं.
नाव वाचलं आणि सहाही भाषा पुसल्या गेल्या.
म्हटलं, "दम धरा."
तो पाटीला छाती लावून हसला :
"अजून किती, ताई?"
आणि फिल्म हलली.

हललेल्या फिल्मवरही दिसलं.
उजव्या हंसळीच्या मागे, वरच्या खणात,
खडूचा बारीक ओरखडा.
जुना. भरून आलेला. कुणाला काही न करणारा.
फॉर्मवर मात्र जुन्या-नव्याचे वेगळे रकाने नाहीत.

ट्रेमधलं घड्याळ बघत तो आपणहून बोलला :
"चौथीत असताना सहा महिने गोळ्या होत्या.
लघवी लाल व्हायची. पोरं बघायला यायची."

दुसरी फिल्म घ्यायचीच होती.
मला माहीत आहे, नळी किती अंश कलवली
की हंसळी बोटभर खाली येते
आणि तिच्यामागं काय काय झाकतं.
एवढंसं हाड, वाकड्या कोयत्यासारखं.
माझा हात कडीवर होता.
बाहेर कुणीतरी खोकलं. आणखी कुणीतरी खोकलं.

"श्वास घ्या. धरा."
हंसळी जिथं असायला हवी तिथंच होती.
दहा फासळ्या.
"सोडा" म्हणायला मला उशीर झाला,
आणि तो तसाच उभा, गाल फुगवून,
शाळेतल्या कवायतीत उभा असावा तसा.

कपडे घालताना त्यानं मान वाकडी करून पडदा पाहिला.
हे नियमात बसत नाही. मी पडदा वळवला नाही.
"पांढरं काय?"
हृदय.
"आणि हे एवढं काळं?"
हवा.
"एवढी?" तो बघतच राहिला. "शारजाची?"

मी सांगितलं, कितीही जोरात सोडा,
लिटरभर हवा आत उरतेच.
फुफ्फुसं कधी पूर्ण रिकामी होत नाहीत,
नाहीतर ती मिटतील, पुन्हा उघडायला जड जातील.

"म्हणजे गावाकडची थोडी असंल अजून,"
तो म्हणाला, आणि ट्रेमधून
काळा दोरा उचलून गळ्यात बांधला.

खरं तर पाच-सात मिनिटांत
तीही बदलते, घोट घोट करत, सगळी.
हे मी बोलले नाही.

पस्तीस नंबर. हनुवटी वर.