साठ शब्दांत

पेपरनं कळवलं : उमेदवार पाच, प्रश्न पाच,
प्रत्येक उत्तर साठ शब्दांत.
फोटो पासपोर्ट साईज. फेटा चालेल,
गॉगल नको.

मी तालुक्याचा वार्ताहर, म्हणजे
बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान
आणि जाहिरात आणली तर मानधन.
प्रश्न मीच काढले, दवाखान्याच्या बाकावर बसून,
धान खरेदीच्या काट्याला टेकून :
रात्री डॉक्टर का नसतो.
दर डिसेंबरात बारदाना कसा संपतो.
जंगलात सरपणाला गेलेल्या बाईवर वाघ आला
तर कागद कुठल्या टेबलावर न्यायचा.
नववीनंतर पोरींनी शाळेत कसं जायचं, बस नाही.
पाचवा सुचेना.

तलावाच्या पाळीवर पुस्तकला मारबते
जाळं सुकवत होती. म्हणाली,
"त्यायले इचारजो, हा तलाव किती खोल हाये."
मावशी, हा काय प्रश्न झाला?
"मंग नोको इचारू."
आणि ती गाठीकडे वळली.

मी विचारला.

दोनाडकरांची उत्तरं त्यांच्या पीएनं पाठवली.
पाचही प्रश्नांना ते कटिबद्ध होते.
शब्द मोजले : एकेका उत्तराला दोनशे अकरा.
कात्री लावता लावता ध्यानात आलं,
कुठूनही कापा,
रक्त येत नाही.

रामटेके वकीलबाईंनी फाईल उघडली.
गाळ काढायचा निधी दोनदा आला, दोनदा परत गेला,
ठरावाचा नंबर, तारीख, सही कोणाची, सगळं पाठ.
खोलीपाशी त्यांचं बोट थांबलं.
"नोंदीत बारा फूट आहे.
नोंद कधीची, ते वाळवीनं खाल्लंय."

पिलारे हसले. "खोल? बुडायला पुरेल तेवढा!"
सगळी गाडी हसली.
मीही हसलो. गाडी त्यांची होती,
एसी चालू होता, बाहेर ऊन.

चौथ्याचा फोन शेवटपर्यंत लागला नाही.
त्याचा भोंगा मात्र रोज साडेबाराला
दुकानाची काच हलवून जायचा.

पाचवे अपक्ष. देवाजी कुंभरे, चिन्ह शिवणयंत्र,
एसटीतून निवृत्त कंडक्टर.
बसबद्दल म्हणाले, "सव्वापाचच्या गाडीत
चौदा वर्षं तिकिटं मी फाडली.
प्रवासी नाहीत म्हणून बंद केली म्हणतात.
प्रवासी होते. मी मोजत होतो."
तलावाबद्दल त्यांनी पाळीच्या दिशेनं बराच वेळ पाहिलं.
"माहीत नाही."

एवढंच छापलं. दोन शब्द.
उरलेल्या अठ्ठावन्न शब्दांच्या जागेत
संपादकांनी दंतमंजन टाकलं.

देवाजींना चारशे बारा मतं पडली.
कोण निवडून आलं ते तुम्ही ओळखलं असेल,
नसेल ओळखलं तरी फरक नाही,
सत्काराचे फलक मीच छापले, उधारीवर.

पौषात पुस्तकलानं मला डोंग्यात बसवलं.
मधोमध बांबू उभा सोडला.
"माह्या सासऱ्याच्या टायमाले
दोन बांबू बांधले तरी बूड लागे नाही."
बांबू गेला, गेला,
आणि फारसा न जाता थांबला.
वर काढला तेव्हा काळा चिखल
माझ्या छातीएवढ्या उंचीवर नव्हता,
कमरेशी होता.
मी खिशात कागद शोधला. कागद नव्हता.
झेरॉक्सवाल्याच्या खिशात.

पाळीवर कोणीतरी उभं होतं.
खाकी पँट, पांढरा सदरा, हातात चप्पल.
"किती?"
देवाजींनी तिथून हाक घातली.
पडलेल्या उमेदवाराला आता काय करायचंय, मी म्हणणार होतो,
पण पुस्तकलानं माझ्याआधी मान हलवली.

"एका जागचं सांगू का?" ती ओरडली.
"चार जागी पाह्यल्याबिगर नाही सांगत!"
आणि बांबू चिखलात रोवून
तिनं डोंगा पुढे ढकलला.