हे मत कायदेशीर सल्ला नव्हे

तिकडे सहा वाजले की लंडनचे वकील घरी जातात
आणि त्यांच्या टेबलावरचं उरलेलं काम
इंदूरला, विजयनगरच्या सहाव्या मजल्यावर
माझ्यापुढे उघडतं. इकडे रात्रीचे साडेअकरा.
जहाजाचा करार, एकशे बारा पानं.
जहाज ग्रीक, साखर ब्राझीलची, घेणारा आमच्याच सियागंजचा,
आणि अठ्ठाविसाव्या कलमात, नेहमीप्रमाणे,
वाद झाला तर कायदा इंग्लंडचा.

समुद्र मी एकदाच पाहिलाय, शाळेच्या सहलीत.
पण बंदरात जहाज किती तास फुकट उभं राहतं
आणि पुढे तासाला किती, ते मला विचारा.

पहाटे चारला सापडलं:
एका ओळीत ‘आणि’ नाही, ‘किंवा’ आहे.
तेवढ्यावर सव्वा लाख डॉलर इकडचे तिकडे.
लिहून काढलं, आणि खाली ते रोजचं वाक्य:
हे मत कायदेशीर सल्ला नव्हे.
नाव नाही, सही नाही.
सनद आहे हो माझ्याकडे. जबलपूरहून आलेली,
आईने लॅमिनेट करून देवघराशेजारी टांगलेली.

जानेवारीत अडेबायोबाई आल्या, लंडनहून.
हॉटेलात लवाद, दोन दिवस. नियम तेवढी मुभा देतात:
विमानातून उतरा, आपल्या कायद्याचं सांगा, विमानात बसा.
कोर्टात उभं राहायचं नाही.
मला त्यांच्या दिमतीला दिलं होतं,
गाडी, पाणी, फायलींची ट्रॉली.
मागच्या खुर्चीवरून मी माझं वाक्य ऐकलं,
स्वल्पविरामासकट,
त्यांच्या खर्जातल्या आवाजात. शोभत होतं त्यांना.

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, तुमचं हायकोर्ट बघू दे.
बँड बांधला, गाऊन चढवला.
मुसाखेडीच्या गॅरेजवाल्याचं अपील, विमा कंपनीविरुद्ध.
चार आठवडे मागितले, मिळाले. दोन मिनिटं.
वळून पाहिलं तर बाई भिंतीशी,
पक्षकारांच्या गर्दीत, हात मागे बांधून.

घरात सांगतात, पंजोबा असेच उभे असत.
विनायकराव टेंबे, सनद होळकर दरबारची.
रेसिडेन्सीच्या हद्दीत राज्य साहेबाचं,
सनद अलीकडेच संपायची.
पक्षकार मात्र तोच धान्याचा अडत्या,
अलीकडे फिर्यादी, पलीकडे आरोपी.
पंजोबा आदल्या रात्री सगळं लिहून द्यायचे
पलीकडच्या वकिलाला, अर्ध्या फीवर,
आणि मागे उभं राहून ऐकायचे
आपलाच युक्तिवाद, दुसऱ्याच्या तोंडी, चुकत चुकत.
एकदा म्हणे राहवलं नाही, मोठ्याने खोकले.
साहेबाने बाहेर काढलं.

रात्री बाईंना सराफ्यात नेलं.
गराडूचा पहिला तुकडा तोंडात, आणि डोळे मोठे:
अगं, हे तर आमचं दुंदू!
लागोसला कोपऱ्याकोपऱ्यावर तळतात.
मग आपणच सांगायला लागल्या.
तिथली सनद घेऊन लंडनला गेले, चोविसाव्या वर्षी.
कुणी उघडूनसुद्धा पाहिली नाही.
पुन्हा परीक्षा, पुन्हा पान पहिलं,
करार म्हणजे काय.
“दीदी, निंबू और?” गाडीवाल्याने विचारलं.
बाईंनी न कळता मान हलवली, त्याने पिळलं.

मी विचारलं, ते ‘किंवा’ कुणी पकडलं हो?
“आमच्या टीमने,” म्हणाल्या,
आणि हातातली काडी हातातच राहिली.
माझ्याकडे बघत राहिल्या.
खोकावंसं वाटलं मला.
म्हटलं, गरम आहे तोवर खा.
साडेअकरा व्हायला आले होते.