चौकट टेम्पोत बसत नाही

इद्रीसने माप घेतलं. टेपाने, मग वितेने, मग पुन्हा टेपाने.
"पावणेसात फूट. तिरकी घातली तरी बाहेर येणार, हान्नोक.
ठाण्याच्या फ्लॅटला आयती चौकट असेल की,
हे सागाचं धूड कशाला?"

मी म्हटलं, नदीरांनी नेली होती.

तो पट्टी सोडतो. ती सर्रकन आत जाते.
बेचाळीस वर्षं त्याच्या खजुराच्या पेढीवर मी खातेवही लिहिली,
नदीर कोण, हे त्याला सांगायला नको.
यसरिबमधून निघाले तेव्हा घरं आपल्याच हातांनी उकलली त्यांनी,
दारांवरच्या तुळया उंटांवर लादल्या,
बायकांनी होतं नव्हतं ते अंगावर घातलं
आणि डफ वाजवत गेले, म्हणतात.
रडत गेले असते
तर गोष्ट इथवर, मांडवीपर्यंत, आली नसती.

"उंटावर बसली, टेम्पोत बसत नाही,"
इद्रीस म्हणतो. हसत नाही.

दुपारी पेढीवर गिऱ्हाईक नसे.
गोणपाटावर खजूर ओतून आम्ही माणसं मांडायचो:
हा औस, हा खजरज,
या बिया कैनुका, सोनारलोक, झवेरी बाजार समज,
हे बागायतदार नदीर, त्या कोपऱ्यात कुरैझा.
औस-खजरज जुंपले की ज्यू दोन्हीकडून.
म्हणजे ज्यूच ज्यूवर धावला.
हे मी घाईने सांगून टाकायचो,
तो सावकाश ऐकायचा.
मग तो करारावर यायचा. बघ, लिहिलंय,
हे आणि ते मिळून एक उम्मत, ज्याचा धर्म त्याला.
मी म्हणायचो, शेठ, कुठल्याही वहीचं पहिलं पान सुवाच्यच असतं.

पेढीवरचा पोऱ्या, खंडू, विचारायचा,
सगळ्यांच्या आधी बनू बनू काय लावलंय?
बनू म्हणजे पोरं रे, अमक्याची पोरं. आमचं बेने, तेच.
तो म्हणाला, मला वाटलं, अजून बनले नाहीत,
बनू म्हणतायत.

वाक्रुळकर मी, इद्रीस पेवेकर.
त्याचे पूर्वज गलबतातून उतरले,
माझे फुटलेल्या गलबतातून.
कोकणाने दोघांना एकच शेपूट लावलं.

कुरैझांपाशी मात्र एकदा अडलो.
तो किताबातलं सांगत होता, मी मनातलं.
त्याच्याकडे कारण होतं, माझ्याकडे मोजदाद.
तीन दिवस पेढीवर फक्त आकडे बोलले.
चौथ्या दिवशी माझ्या घरी मलिदा होता, सियोनाच्या नवसाचा.
त्याने न बोलता अडीच किलो खजूर धाडले
आणि माझ्याच वहीत, माझ्याच पेनने लिहिलं: जमा.
कशापोटी, ते लिहिलं नाही.
तो ताळा मी अजून लावलेला नाही.

आता मझुझा काढायचा.
दोन स्क्रू, त्यांवर रंगाचे सहा-सात थर.
पेचकस इद्रीस फिरवतो, माझा हात हलतो म्हणून.
खाली उघडं लाकूड, बोटभर, तिरकं,
दुधाच्या दाताखालच्या हिरडीसारखं.

बिल्डरने महिनाअखेर दिलीय.
मी ठाण्याला, तो मुंब्र्याला.
शुक्रवार त्याला चालत नाही, शनिवार मला,
रविवारचं भाडं दीडपट.

चौकट राहिली भिंतीत.
मझुझा खिशात घालून मी टेम्पोत पुढे बसलो.
मागे गाद्यांवर इद्रीस, मांडीवर खजुराचा रिकामा पत्र्याचा डबा.
भायखळ्याच्या सिग्नलला
त्याने त्यावर दोन बोटं वाजवली,
थांबला,
मग चार.

ड्रायव्हर म्हणाला, चाचा, काही सैल झालंय का मागे?