सातवा फोटो

हरियाशेठनं आधीच बजावलं होतं :
विकायचं असेल तर घर राहतं दिसता कामा नये.
कॅलेंडर काढा. त्यावर दुधाचे खाडे मांडलेले असतात,
गिऱ्हाइकाला दुसऱ्याचे खाडे बघायचे नसतात.
वलणीवरचे कपडे काढा. वलणीसुद्धा.
देव? देव राहू द्या,
पण उदबत्तीची राख पुसा.

म्हणून रविवारी पहाटेच उठलो.
ओट्यामागच्या टाइल्स सोड्यानं घासल्या,
नळाच्या माना चिंचेनं.
भाऊंच्या खुर्चीमागे भिंतीवर
त्यांच्या डोक्याचा तेलकट गोल.
शनिवारी रंगाचा एक हात दिला, वर आला.
दुसरा दिला, तरी आला.
तिसऱ्या हाताला बुजला एकदाचा,
आणि माझे सासरे त्या जागेकडे
ओळख विसरलेल्या माणसासारखे बघत राहिले.

तांडेल नावाचा भांडुपचा पोरगा आला नऊला.
बूट दाराबाहेर, एका मोज्यातून अंगठा बाहेर.
म्हणाला, मावशी, दिवे सगळे लावा, दिवसा असले तरी.
त्याच्या कॅमेऱ्याची काच भिंतींना मागे सरकवते.
चारशे बारा कार्पेट,
ती काच लावली की सहाशेला मरण नाही.

ती आकड्यांची पाटी असते ना,
पंधरा चौकोन आणि एक जागा मोकळी, तसं आमचं चाललेलं.
हॉल काढायचा तेव्हा अख्खा हॉल बेडरूममध्ये,
बेडरूमची पाळी आली की सगळं उलट :
शिलाई मशीन, गाद्यांची वळकटी,
गोळ्यांचा डबा, वाफेचं यंत्र,
आणि खुर्चीसकट भाऊ.
मोकळं घर असं कधी नव्हतंच,
काचेसमोर होतं तेवढंच मोकळं.

भाऊंनी तक्रार केली नाही.
स्वयंपाकघरात बसले, मग मोरीच्या दारात,
खुर्ची उचलली की पाय आपणच वर घ्यायचे.
फक्त तिसऱ्यांदा उचलताना विचारलं,
"आता मी कुठं नसायचं?"

खरं तर हे सगळं त्यांच्यासाठीच.
तिसरा मजला, लिफ्ट नाही.
दोन वर्षांत एकदाच खाली गेले, मतदानाला,
चौघांनी उचलून.
वर येताना जिन्यातल्या प्रत्येक दाराला
शाईचं बोट दाखवत आले.
अंबरनाथला लिफ्टचं घर मिळतंय,
मुलुंडचं गेलं तर.

रात्री फोटो आले. अकरा.
हॉल एवढा, की या टोकाची हाक त्या टोकाला जाऊ नये.
ओट्यावर काचेच्या वाटीत तीन लिंबं.
आमच्याकडे लिंबू वाटीत कधी टिकलंय?
विद्याधर बोटांनी एकेक फोटो मोठा करत होता,
आणि सातव्यावर थांबला.
बाल्कनी. ऊन. धुतलेला पडदा.
आणि डाव्या कडेला
पायजम्यातला एक गुडघा,
त्यावर हात, सुरकुतलेला, ठेवून दिल्यासारखा.

हरियाशेठ फोनवर हसले. पुसून टाकू, दोन मिनिटांचं काम.
विद्याधर म्हणाला, हो, पुसा.
मी लिंबं परत फ्रिजमध्ये ठेवत होते.

पण जाहिरात लागली ती गुडघ्यासकट.
कोण विसरलं, मी विचारलं नाही.

बुधवारी नाहूरहून एका बाईंचा फोन.
मेंटेनन्स किती, पाणी किती वाजता,
स्कूटर कुठं लावता.
सगळं झाल्यावर जरा चाचरत,
"त्या बाल्कनीच्या फोटोत
कडेला कुणी बसलंय का हो?"

मी म्हटलं, हो.
तिथं साडेदहापर्यंत ऊन असतं.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
मग म्हणाल्या, रविवारी येते.
दहाच्या आत येते.